छबी आणि नजर

वृद्ध मातापित्यांचे छायाचित्र आपण नेमके कशासाठी काढतो, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. आठवण राहावी म्हणून, हे त्याचे सरळ उत्तर. परंतु आठवण दूर गेलेल्या माणसाची काढावयाची असते, आणि ज्यांचे चित्र घ्यावयाचे ती माणसे तर समोर उभी असतात. म्हणजे ती हयात असतानाच त्यांच्या अभावाची तरतूद करण्यास आपण प्रवृत्त होतो. घरातील वडीलधारी मंडळी हे पुरते ओळखून असतात. फोटो बरा उतरला की 'हार घालायला हाच ठेवा' असे ती हसत म्हणतात, आणि आपण 'काहीतरीच काय!' म्हणून विषय बदलतो. तो बदलू नये, असे आम्हांस वाटते.

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आपल्यासारख्यांना या तरतुदीची घाई अधिक असते. आईवडील वर्षातून पंधरा दिवस, फार तर महिनाभर येतात. परतीचे तिकीट आधीच काढलेले असते. त्या मोजक्या दिवसांत सेवेबरोबर संग्रहही उरकून घ्यावा, अशी आपली वृत्ती होते. पूर्वी छत्तीस चित्रांचे रीळ जपून वापरावे लागे. आता खिशातील यंत्रास तशी मर्यादा राहिली नाही. तेव्हा चित्रे जितकी अधिक तितके ऋण कमी झाले, असा हिशेब मनात नकळत मांडला जातो.

तो किती फसवा असतो याचा दाखला फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्त यांच्या लेखनात आहे. त्यांची आई १९७७ साली वारली. पुढे ते जुन्या छायाचित्रांतून तिला शोधू लागले. चित्रे पुष्कळ होती. नाकडोळे जुळत, पण ती भेटत नसे. अखेर ती सापडली १८९८ मधील एका चित्रात, पाच वर्षांची बालिका असताना. म्हणजे जे रूप पुत्राने कधी पाहिलेच नव्हते, त्या रूपात. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'ला शांब्र क्लेर' या पुस्तकात त्यांनी या चित्राविषयी विस्ताराने लिहिले, पण ते छापले मात्र नाही. इतरांस त्यात एक सामान्य जुना फोटो तेवढा दिसला असता. सादृश्य म्हणजे सान्निध्य नव्हे, हेच यातून दिसते.

मग कॅमेरा बाजूस ठेवून द्यावा काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस बोम्मसंद्र्यास मिळाले. बंगळुरातील मेट्रोची राष्ट्रीय विद्यालय रस्त्यापासून निघणारी पिवळी मार्गिका १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली, आणि सुमारे १९ किलोमीटरांवरचे हे अखेरचे स्थानक गाठणे सोपे झाले. नावातील 'संद्रा' हे 'समुद्र' या शब्दाचे रूप. तळ्याकाठच्या गावांस ते इकडे लावीत. आज मात्र बोम्मसंद्रा म्हटले की कारखान्यांची वसाहतच डोळ्यांपुढे येते. आई आली असता सुटीच्या एका दुपारी तिला घेऊन आम्ही तेथे गेलो. उंचावरून जाणाऱ्या गाडीतून तिला शहर दाखवावे आणि निवांतपणे तिचे चार फोटो घ्यावेत, हा हेतू.

आम्ही उजेड पाहून तिला उभे करावे आणि तिने तेथून हळूच सरकावे, असे बराच वेळ चालले. पिंपळाच्या पारावर हळदीकुंकू वाहिलेल्या नागांच्या शिळा होत्या. तेथे ती थबकली. "आपण पंचमीपुरता पाटावर नाग काढतो, इथं बारा महिने दगडात आहे," ती म्हणाली. पुढे करंजाच्या सावलीत कारखान्यातील दोन मुली एकाच डब्यातून जेवत बसल्या होत्या. कॅमेरा वर होताच तिने हात धरला : "आधी विचार त्यांना." मुलींनी हसून मान डोलावली. मग ती म्हणाली, "माझे किती काढशील? मी बघते आहे ते काढ की."

त्या दुपारची अकरा चित्रे आमच्यापाशी आहेत. त्यांपैकी एकातही आई नाही, आणि तरी ती तिचीच आहेत, असे आमचे मत आहे. माणूस जाते तेव्हा त्याचा चेहरा कोठेतरी शिल्लक राहतो. नाहीशी होते ती त्याची निवड : कशापाशी थांबावे, कशावरून डोळे फिरवावेत, कोणास आधी विचारावे. लहानपणी आईची नजर आपल्यावर असते म्हणून ती आपल्याला दिसत नाही. मोठेपणी आपलीच नजर अन्यत्र गुंतलेली असते.

हीदेखील अभावाची तरतूदच नव्हे काय, असे कोणी विचारील. आहेच. परंतु दोहोंत एक भेद आहे. चेहरा टिपताना मन कचेरीत असले तरी चित्र स्वच्छ येते. दुसऱ्याची नजर टिपावयाची तर त्याच्या पावलाने चालावे लागते, 'काय पाहतेस?' म्हणून विचारावे लागते, उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. येथे संग्रह करावयाचा तर आधी सोबत करावी लागते. ती टाळून काही हाती लागत नाही.

हार घालण्याजोगा एक फोटो अवश्य काढून ठेवावा. वडीलधाऱ्यांची ती इच्छा व्यवहारी आहे आणि तिचा मान राखावा. त्यास दोन मिनिटे पुरतात. उरलेली दुपार त्यांना दाखविण्यात घालवू नये. ते दाखवतील ते पाहावे.