निगा आणि नित्यकर्म

इंग्लंडातील एखाद्या लहान खेड्यात चर्चभोवतालचे दफनस्थान शतकानुशतकांच्या मृतांनी भरून गेले, आणखी एकही प्रेत तेथे सामावू नये अशी अवस्था झाली, आणि अखेर प्रिव्ही कौन्सिलच्या हुकुमाने ते कायमचे बंद झाले, म्हणजे त्या भूमीत करावयाचे अंत्यविधी संपतात. तिची निगा मात्र संपत नाही. भिंत पावसाने फुगते, यू वृक्षाच्या मुळांनी थडग्यांचे दगड कलतात, गवत तर कोणाचीच परवानगी न घेता वाढते. आणि ज्यांची नावे त्या दगडांवर कोरलेली असतात त्यांचे वंशज कधीच शहरांत वा समुद्रापार गेलेले असतात, किंवा कोठेच नसतात. १९७२ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टाच्या २१५ व्या कलमाने अशा भूमीची व्यवस्था लावून दिली आहे ती अशी, की चर्चच्या पंचमंडळीने गावच्या पॅरिश कौन्सिलला लेखी मागणी करावी आणि तीन महिन्यांची मुदत भरली, की भिंती-कुंपणांच्या दुरुस्तीसह त्या जागेची शोभेल अशी निगा राखण्याचा जिम्मा कौन्सिलकडे यावा; कौन्सिलला तो पेलणारा नसेल, तर त्याच मुदतीत ठराव करून तिने तो वरच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे सरकवावा. मालकी चर्चचीच राहते, भूमीचे पावित्र्यही अबाधित राहते, बिशपच्या धर्मन्यायालयाचा अंमलही राहतो. खाली येते ती केवळ मेहनत आणि तिचा खर्चवेच.

या रूक्ष तजविजीच्या पोटात मला एक धर्मशास्त्रीय प्रश्न दडलेला दिसतो. जे कृत्य काल एक श्रद्धावंत धर्माधिकारी ईश्वराच्या नावाने करवीत होता, तेच आज पाच-सात निवडून आलेले गृहस्थ, ज्यांत एखादा मेथॉडिस्ट, एखादा कॅथलिक आणि एक-दोघे उघड नास्तिकही असतील, कायद्याच्या एका कलमान्वये करवीत असतील, तर ते कृत्य तेच राहते काय? त्याचे धर्मत्व कर्त्याच्या भावनेत होते, की विधीच्या आज्ञेत होते, की त्या कृत्यातच होते?

मुळात ही वाटणी इंग्लंडच्या खेड्याला ठाऊक नव्हती. चर्चमधील ज्या दालनात पाद्री आपली वस्त्रे बदलीत असे, त्याच दालनात गावकरी जमत, आणि त्या दालनाच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'व्हेस्ट्री' नामक सभेत घंटेचा दोर, छपराचे शिसे, अनाथ पोराची सोय आणि चिखलात रुतणारा गाडीरस्ता हे सर्व विषय एकाच बैठकीत, एकाच दप्तरात येत. १५५५ च्या कायद्याने प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील रस्त्यांसाठी वर्षातून चार दिवस वेठ द्यावी असे ठरले, पुढे १५६३ मध्ये त्या चारांचे सहा झाले. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाची पट्टीही गावावरच बसली. रस्त्यावर खडी टाकणे हे ऐहिक आणि घंटेला नवा दोर घालणे हे पारमार्थिक, असा विवेक करण्याचे कारण त्या माणसांना पडले नसावे. मात्र या अभेदाचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. व्हेस्ट्रीत जमीनदार आणि पाद्री यांचाच शब्द चाले, आणि जो शेतमजूर चर्चऐवजी साध्या चॅपेलमध्ये प्रार्थनेला जाई त्यालाही चर्चच्या छपरासाठी पट्टी भरावी लागे.

ही एकसंध गाठ पुढे एकेक पदर करून सुटत गेली. १८३४ मध्ये गरिबांचा प्रश्न गावाकडून काढून मोठ्या संघांकडे नेण्यात आला. १८६८ मध्ये चर्चच्या पट्टीची सक्ती उठली. आणि १८९४ च्या कायद्याने खेड्यांतून पॅरिश कौन्सिले स्थापन होऊन व्हेस्ट्रीच्या हातातला उरलासुरला लौकिक कारभार त्यांच्याकडे गेला. योगायोग असा, की ही शेवटची वाटणी ज्याच्या मंत्रिमंडळाने केली तो ग्लॅडस्टन त्या शतकातील बहुधा सर्वांत निष्ठावंत चर्चभक्त पंतप्रधान होता, आणि कॉमन्स सभेतील त्याचे अखेरचे भाषण, १ मार्च १८९४ रोजी, याच विधेयकावर लॉर्डांनी सुचविलेल्या दुरुस्त्यांविषयी झाले. तीनशे किंवा त्याहून अधिक वस्तीच्या गावाला कौन्सिल मिळाले. स्त्रियांना, विवाहितांनाही, तेथे मत देण्याचा आणि निवडून येण्याचा हक्क मिळाला, आणि तोही पार्लमेंटच्या निवडणुकीत त्यांना मत मिळण्यापूर्वी चोवीस वर्षे. दुसरी सोयीची जागा मिळत असेल तर बैठक मद्यगृहात भरू नये, असेही बंधन घालण्यात आले. पाद्र्याच्या दालनातून उठलेला कारभार थेट गुत्त्यात जाऊन बसेल ही भीती कायदे करणाऱ्यांना होती, हे यावरून दिसते.

आता पुन्हा गवताकडे वळू. आज जे गवत कौन्सिलच्या जमाखर्चात खर्चाच्या बाजूला पडते, ते एके काळी जमेच्या बाजूला होते. दफनभूमीवरील तृणाचा हक्क पाद्र्याचा असे आणि तो तेथे मेंढ्या चारी; मृतांच्या अंगावरील हिरवळ अशा रीतीने धर्माधिकाऱ्याच्या उपजीविकेस लागे, आणि निगा नावाचे वेगळे कर्तव्यच उद्भवत नसे. हॅम्पशरमधील सेलबर्न या गावी अठराव्या शतकात राहून ज्याने त्या गावचा निसर्ग आणि इतिहास १७८९ च्या आपल्या ग्रंथात अमर केला, तो गिल्बर्ट व्हाइट स्वतः धर्मोपदेशक होता, आणि आपल्या गावच्या दफनभूमीविषयी तो जे नोंदवून ठेवतो ते मोठे बोलके आहे. चर्चच्या दक्षिणेसच आपल्याला पुरावे असा सर्वांचा आग्रह असल्याने तो भाग इतका दाटून गेला होता, की पूर्वजांची हाडे हलविल्यावाचून नव्या माणसाला तेथे जागा होत नसे. उत्तरेची बाजू अशुभ म्हणून मोकळीच पडलेली असे, पण गावातील दोन-तीन प्रतिष्ठित घराण्यांनी तिकडे आपली माणसे पुरण्यास आरंभ केल्याने हा ग्रह हळूहळू विरेल, अशी त्याची अपेक्षा होती. तो १७९३ मध्ये वारला आणि त्या उत्तरेच्याच बाजूला, नावाची आद्याक्षरे आणि तारीख एवढेच कोरलेल्या एका लहानशा दगडाखाली निजला. ज्या बाजूविषयी समाजाचा ग्रह पुसला जावा असे वाटते त्या बाजूला आपले स्वतःचे प्रेत ठेवावे, याहून शांत असा धर्मसुधारणेचा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

परंतु सर्वांत विचार करण्याजोगी विसंगती पैशाच्या दप्तरात सापडते. चर्चच्या छपरासाठी आम्ही पट्टी देणार नाही म्हणून ज्या अन्यपंथीयांनी वर्षानुवर्षे झगडा केला, मालमत्तेवर जप्ती येऊ दिली आणि अखेर १८६८ मध्ये विजय मिळविला, त्यांच्याच पैशातून बंद झालेल्या दफनभूमींची निगा १८५५ च्या दफन-कायद्यान्वये गरिबांसाठीच्या सक्तीच्या पट्टीतून आधीच होत होती. १८८० मध्ये त्यांना चर्चच्या चालू दफनभूमीत आपापल्या पद्धतीने अंत्यविधी करण्याचीही मोकळीक मिळाली. पुढेही छप्पर आणि थडगे यांतील हा भेद टिकून राहिला. चर्चच्या मालमत्तेवर कौन्सिलने खर्च करावा की करू नये याविषयी १८९४ च्या कायद्यातील शब्दांमुळे इतका संभ्रम राहिला, की मनोऱ्यावरील घड्याळाला १९५७ च्या कायद्याने कौन्सिलने खुशाल किल्ली द्यावी, कारण वेळ सर्वांची. पण त्याच मनोऱ्यावरचे कौल बदलताना चिटणिसाचा हात कापावा, आणि हा संशय काढण्यासाठी २०२३ पर्यंत पार्लमेंटला थांबावे लागावे. दफनभूमीच्या भिंतीविषयी असा आक्षेप क्वचितच निघाला. याचे कारण मला असे वाटते, की मृताविषयीचे ऋण हे पंथाच्या आधीचे आहे. चर्चकडे ते शेकडो वर्षे ठेव म्हणून होते, आणि ठेव सांभाळणारा बदलल्याने ठेव बदलत नाही, हे वाद घालणाऱ्यांनाही न बोलता उमगले असावे.

कौन्सिल आणि धर्म यांच्या सीमेचा हाच प्रश्न डेव्हनमधील बिडफर्ड या बंदराच्या गावी अगदी उलट्या टोकाने उपस्थित झाला. तेथील टाउन कौन्सिल, जे कायद्याने पॅरिश कौन्सिलच्याच दर्जाचे असते, आपल्या बैठकीचा प्रारंभ प्रार्थनेने करीत असे. एका नास्तिक सभासदाने ही वहिवाट बंद करण्याची सूचना आणली, ती फेटाळली गेली, आणि प्रकरण नॅशनल सेक्युलर सोसायटीच्या साहाय्याने उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की सभासदाच्या मानवी हक्कांवर येथे आघात झालेला नाही, परंतु १९७२ च्या कायद्याने कौन्सिलला ज्या मुखत्याऱ्या दिल्या आहेत त्यांत कामकाजाचा भाग म्हणून प्रार्थना करण्याची मुखत्यारी नाही. पुढे २०१५ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून ती दिली, आणि धार्मिक प्रार्थनेबरोबर तत्त्वज्ञानात्मक निष्ठेच्या आचारालाही त्यात जागा ठेवली. माझी सहानुभूती या झगड्यात कोणत्याच पक्षाकडे पूर्णपणे जात नाही. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत होते, ती ही की कौन्सिलच्या कार्यक्रमपत्रिकेत जे काही पवित्र असेल ते त्या पहिल्या दोन मिनिटांत आहे. त्यानंतरच्या पाऊलवाटा, दिवे, बाके आणि गटारे यांना त्याचा स्पर्श नाही. एकाला ती दोन मिनिटे हवी होती, दुसऱ्याला नको होती. पुढील दोन तासांविषयी कोणीच काही बोलले नाही.

आपल्याकडील मीमांसकांनी, म्हणजे वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, मात्र या दोन तासांचा विचार फार बारकाईने केला असता. कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे त्यांनी जे भेद केले, ते इंग्लिश खेड्याच्या जमाखर्चाला चमत्कारिक रीतीने लागू पडतात. मुलांसाठी नवे क्रीडांगण, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी, हे काम्यकर्म. त्याला फळ आहे आणि फळाची इच्छा धरणारेही आहेत. जानेवारी १९९० च्या वादळात सेलबर्नचा तो पुरातन यू, ज्याचा घेर व्हाइटने तेवीस फूट मोजला होता, उन्मळून पडला, तेव्हा त्याला छाटून पुन्हा उभा करण्याचा जो खटाटोप झाला ते नैमित्तिक. झाड जगले नाही हा भाग निराळा. आणि बंद दफनभूमीतले गवत हे शुद्ध नित्यकर्म. ते कापल्याने गावाला काही मिळत नाही. न कापल्यास मात्र दोष लागतो, ज्याला शास्त्रकार प्रत्यवाय म्हणतात. कुमारिलाच्या अनुयायांनी म्हटले, की निष्फळ कृतीला कोणी प्रवृत्त होणार नाही, तेव्हा पाप टाळणे हेच नित्यकर्माचे प्रयोजन मानावे. प्रभाकराच्या पंथाने उत्तर दिले, की विधीने सांगितले एवढेच पुरे, प्रयोजन विचारणे हाच अधिकाराचा अभाव. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत हे दोन्ही पंथ आजही हजर असतात. 'गवत वाढले तर लोक तक्रार करतील' म्हणणारा भाट्ट, म्हणजे कुमारिलाच्या, मताचा, आणि '२१५ वे कलम आपल्याला बांधील करते' एवढेच सांगून पुढच्या विषयाकडे वळणारा चिटणीस प्राभाकर.

या उपमानाला एक आक्षेप सहज सुचतो. अग्निहोत्रासारखे नित्यकर्म स्वतः करावयाचे असते. येथे तर सभासद गवताला हातही लावत नाहीत, मक्ता दिलेला एक माणूस यंत्र घेऊन येतो, आपले काम उरकतो आणि हजेरीचे बिल पाठवतो. पण यज्ञात तरी काय असते? ऋत्विज दक्षिणा घेऊन कर्म करतात आणि त्याचे फल यजमानाचे, असाच मीमांसेचा सिद्धान्त आहे. मक्तेदार हा ऋत्विज मानला तर यजमान कोण, हे पाहू लागताच मौज वाटते: पॅरिशची पट्टी डिस्ट्रिक्टच्या करात मिळवून वसूल होते, म्हणून यजमान म्हणजे कर देणारा प्रत्येक गावकरी, मग तो चर्चमध्ये जातो की नाही, गावात तीन पिढ्या राहतो की गेल्या वर्षी लंडनहून आला, याला महत्त्व नाही. जबरदस्तीच्या करातून घडलेले कर्म पुण्याचे कसे, असे कोणी विचारील. मला वाटते, पुण्याचे नसेल. परंतु नित्यकर्माची प्रतिष्ठा पुण्यावर कधीच अवलंबून नव्हती.

अडचण खरी येते ती दुसऱ्या ठिकाणी. कायदा म्हणतो की भूमी शोभेल अशी राखावी. शोभा म्हणजे किती इंच, हे तो सांगत नाही. अलीकडे अनेक गावांत असा पक्ष उभा राहिला आहे, की जुन्या थडग्यांभोवती गवत जुलैअखेरपर्यंत वाढू द्यावे, कारण नांगर कधी न लागलेली अशी जमीन गावात दुसरी उरलेली नाही आणि रानफुले, फुलपाखरे यांना तेवढाच आसरा आहे. तर दुसरा पक्ष म्हणतो, की माझ्या आजीचा दगड गुडघाभर गवतात दिसेनासा झाला, ही विटंबना आहे. दोन्ही बाजूंना मृतांचा आदरच करावयाचा असतो, आणि मृतांना विचारता येत नाही. येथे प्राभाकराची वाट खुंटते, कारण जो विधी स्वतःचे प्रमाण सांगत नाही त्याचे नुसते पालन करता येत नाही. त्याला अर्थ द्यावा लागतो, आणि तो देण्याची पात्रता केवळ निवडून आल्याने येत नाही. माझे मत विचाराल तर ज्या थडग्यांपाशी अद्याप कोणी येते तेथे गवत आखूड असावे, आणि जेथे कोणीच येत नाही तेथे ते वाढू द्यावे. मात्र दुसऱ्या प्रकारच्या जागी एक पायवाट कापून ठेवावी, कारण कोणी येणार नाही असे ठरविण्याचा अधिकार पाच-सात जणांना नाही. चर्चचे धर्मन्यायालय याविषयी मागणी झाली तरच बोलते, डिस्ट्रिक्टला एवढा वेळ नसतो, आणि मक्तेदाराला एप्रिलपूर्वी लेखी कळवावे लागते की यंत्र कोठवर न्यायचे. म्हणून हा निर्णय दर वर्षी मार्चच्या बैठकीत, बहुधा बसथांब्याच्या गळक्या छपरानंतरचा आणि कुत्र्यांच्या विष्ठेच्या पेटीच्या आधीचा विषय म्हणून, घेतला जातो.