उसनी संध्याकाळ

न्यूयॉर्कमध्ये ३१ ऑक्टोबरला सूर्य मावळतो तेव्हा सहाला सात-आठ मिनिटं कमी असतात. २००६ सालापर्यंत त्याच तारखेला तोच सूर्य पाचला सात-आठ मिनिटं कमी असतानाच मावळत होता. मधल्या काळात पृथ्वीने आपली चाल बदललेली नाही. बदलला तो कायदा. ८ ऑगस्ट २००५ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ऊर्जा धोरणाच्या एका जाडजूड कायद्यावर सही केली. तेल, वायू, अणुवीज, इथेनॉल अशा भारदस्त विषयांच्या गर्दीत त्यात एक लहानसं कलम होतं: डेलाइट सेव्हिंग टाइम, म्हणजे घड्याळं एक तास पुढे ठेवणारी उन्हाळी वेळ, यापुढे मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू व्हावी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपावी. आधी ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपायची. २००७ पासून हे अमलात आलं आणि शरद ऋतूत घड्याळं मागे करण्याचा दिवस नेमका एक आठवडा पुढे गेला.

त्या एका आठवड्यात ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळचा हॅलोविन सापडला. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ३१ तारखेच्या पलीकडे जाऊ शकत नाही आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार १ तारखेच्या अलीकडे येऊ शकत नाही. त्यामुळे पूर्वी हॅलोविनची संध्याकाळ दरवर्षी घड्याळं मागे झाल्यानंतर यायची. आता ती दरवर्षी त्याआधी येते. कधी कधी तर अगदी काठावर. २०२० साली हॅलोविन शनिवारी आला, आणि मुलं कँडीच्या पिशव्या उशाशी घेऊन झोपल्यावर त्याच रात्री दोन वाजता घड्याळात पुन्हा एकदा एक वाजला.

हा तास हॅलोविनला हवा होता असं कोण म्हणत होतं? मुलांनी कुठे अर्ज केल्याची नोंद नाही. मागणी दोन दिशांनी आली. एक सुरक्षिततेची: भुताखेतांचे काळे झगे घालून लहान मुलं दारोदार फिरतात, तेव्हा रस्त्यावर थोडा उजेड असलेला बरा. दुसरी दुकानाची: उजेड जास्त वेळ, तर फिरणं जास्त वेळ, तर कँडी जास्त. १९८०च्या दशकात याच विषयावर अमेरिकी काँग्रेसमध्ये सुनावण्या झाल्या, तेव्हा कँडीवाल्यांनी सिनेटरांच्या खुर्च्यांवर साखरेचे छोटे भोपळे ठेवले होते, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीतलं साखरेचं प्रमाण थोडं जास्त असेलही. पण १९८६ साली कायदा बदलला तो एप्रिलच्या टोकाला. उन्हाळी वेळ तीन-चार आठवडे आधी सुरू होऊ लागली, गोल्फची मैदानं आणि अंगणात शेगडी पेटवणाऱ्यांना कोळसा विकणारे खूश झाले. ऑक्टोबरचं टोक आणखी वीस वर्षं जागचं हललं नाही.

या पद्धतीचा इतिहास पाहिला तर प्रत्येक टप्प्यावर कुणाची तरी संध्याकाळ दडलेली सापडते. न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने १८९५ मध्ये घड्याळं दोन तास पुढे करण्याची कल्पना मांडली. तो टपाल खात्यात नोकरीला होता आणि त्याला किडे गोळा करण्याचा छंद होता. कामावरून सुटल्यावर किडे शोधायला उजेड उरत नसे. लंडनचा बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट १९०७ मध्ये याच विषयावर पुस्तिका घेऊन उभा राहिला. तो पहाटे घोड्यावरून रपेट मारायचा आणि उन्हं वर आली तरी लोक झोपलेले पाहून हळहळायचा. दोघांच्याही हयातीत सरकारांनी या कल्पनेला मान दिला नाही म्हणावं, तर हडसनने पुढे ती प्रत्यक्षात आलेली पाहिली. विलेट मात्र १९१५ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ रोजी, युद्धात कोळसा वाचवायचा म्हणून जर्मनीने घड्याळं पुढे केली. तीन आठवड्यांत ब्रिटनने तेच केलं. छंदिष्टांच्या सांगण्याने जे झालं नाही ते तोफांनी केलं. अमेरिकेत १९१८ मध्ये ही वेळ आली आणि दुसऱ्याच वर्षी अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार बाजूला सारून काँग्रेसने ती रद्द केली, कारण शेतकरी चिडले होते. गवतावरचं दव घड्याळ पाहून वाळत नाही, आणि गडीमाणसं मात्र घड्याळ पाहून घरी जातात.

दुसऱ्या महायुद्धात फेब्रुवारी १९४२ पासून सप्टेंबर १९४५ पर्यंत अमेरिकेची घड्याळं सलग एक तास पुढे होती. म्हणजे १९४२, ४३ आणि ४४ च्या हॅलोविनला मुलांना आजच्याइतकाच उजेड मिळाला. पण मे १९४२ पासून साखरेचं रेशनिंग सुरू झालं होतं. प्रकाश होता, गोड नव्हतं. शांततेत नेमकं उलट झालं: साखर मुबलक झाली, दारोदार जाऊन कँडी मागण्याची चाल देशभर रुजली आणि तिचा सूर्य मात्र न्यूयॉर्कमध्ये पाचच्या आत मावळू लागला. अमेरिकेत ज्या पिढ्या हॅलोविनच्या आठवणी काढून हळव्या होतात, त्यांच्या आठवणींतला अंधार या काळातला आहे.

या अंधाराचं काम काय होतं, हे एखाद्या उपनगरी गल्लीत संध्याकाळी पावणेसहाला उभं राहिलं की कळतं. हॅलोविनचा एक अलिखित नियम आहे: दारावरचा दिवा चालू असेल तर घंटी वाजवायची, बंद असेल तर पुढच्या घरी जायचं. कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणाला हा सगळा प्रकारच पसंत नसेल, कुणाच्या परातीतली कँडी संपली असेल. दिवा मालवला की झालं, कुणी कुणाला कारण विचारत नाही. या एका खुणेवर अख्खी गल्ली चालते. पण उजेडात ती खूण वाचताच येत नाही. आकाश अजून नारिंगी असताना दिवा लागलेला आहे की काचेवर उन्हाची तिरीप आहे, हे फाटकाशी उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या वाघाला उमजत नाही. तो आईकडे पाहतो, आई खिडकीकडे पाहते. पायरीवर ठेवलेल्या कोरीव भोपळ्यात मेणबत्ती जळत असते, पण त्याचे डोळे पेटलेले दिसत नाहीत. तो नुसता भोक पाडलेला भोपळा दिसतो. सांगाड्याच्या पोशाखावरची चमकणारी हाडं चमकत नाहीत. फार लहान मुलं या वेळात फिरून घरी जातात. जरा मोठी मुलं, ज्यांना घाबरण्याची आणि घाबरवण्याची हौस असते, ती घरातच थांबून राहतात आणि काळोख पडल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. कायद्याने दिलेला तास त्यातली पुष्कळ मुलं साभार परत करतात.

तरीही सुरक्षिततेचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकी बालवैद्यकाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७५ ते २०१६ अशा ४२ हॅलोविनच्या संध्याकाळी पाच ते मध्यरात्र या वेळात रस्त्यावर किती पादचारी मेले, हे त्यात मोजलं होतं. आकडा ६०८. तुलनेसाठी हॅलोविनच्या आठवडाभर आधीची आणि आठवडाभर नंतरची संध्याकाळ घेतली; अशा ८४ संध्याकाळी मिळून ८५१ मृत्यू. म्हणजे हॅलोविनला सरासरी चारेक माणसं जास्त जातात. चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत धोका सुमारे दहापट. आणि सर्वांत वाईट वेळ सहाच्या सुमाराची.

सहाची वेळ नीट पाहिली पाहिजे. त्या वेळी कचेऱ्या सुटून गाड्या उपनगरांकडे येतात. गाडीत बसलेला माणूस घड्याळाचा बांधील आहे. त्याला सूर्याशी देणंघेणं नाही. फुटपाथवरचं मूल सूर्याचं बांधील आहे. त्याला अंधार पडायची वाट पाहायची आहे. पूर्वी सहा वाजता न्यूयॉर्कमध्ये पुरता काळोख असायचा, आता संधिप्रकाश असतो. गाडी चालवणाऱ्याला त्यामुळे थोडं जास्त दिसत असेल, तर ते चांगलंच. पण एक तास सरकवून या दोघांची भेट टळत नाही, फक्त ती कोणत्या उजेडात व्हावी हे ठरतं. ब्रिटनमध्ये घड्याळं अजूनही ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीच मागे जातात. लंडनला ३१ तारखेला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तिथली मुलं काळोखातच दारं ठोठावतात.

सूर्यास्तावर चालणारे सण घड्याळाला फारसं जुमानत नाहीत, हे मराठी घराला वेगळं सांगायला नको. २०२४ साली महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालं. अमेरिकेत मात्र आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या सकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच संपत होती, त्यामुळे तिथलं लक्ष्मीपूजन बरोबर हॅलोविनच्या संध्याकाळी आलं. न्यू जर्सीतल्या कितीतरी दारांत त्या दिवशी आकाशकंदील आणि भोपळा शेजारी शेजारी होते. आत चौरंगावर लक्ष्मी मांडायची घाई, आणि बाहेर घंटी वाजली की परात घेऊन धावायचं. प्रदोषकाळ सूर्यास्तापासून मोजतात. कायद्याने सूर्यास्ताला पाच म्हणावं की सहा, पूजेला फरक पडत नाही. हॅलोविनचीही मूळची जात हीच आहे. सर्व संतांच्या सणाची ती आदली संध्याकाळ, आणि जुन्या ख्रिस्ती रिवाजात सण संध्याकाळीच सुरू व्हायचा. दोन्ही सण दिवेलागणीचे. संसदेत बहुमत कुणाचं असो, दिवा लावायला अंधार लागतो.

या हिशेबाची दुसरी बाजू सकाळी दिसते. संध्याकाळी दिलेला प्रत्येक तास पहाटेकडून उसना आणलेला असतो. कायद्याचं नाव ऊर्जेचं होतं, पण बचत किरकोळ निघाली: अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानेच २००८ मध्ये काँग्रेसला कळवलं की वाढवलेल्या आठवड्यांमुळे वर्षभराच्या विजेत सुमारे ०.०३ टक्के बचत झाली. इंडियानात २००६ पासून सगळीकडे उन्हाळी वेळ लागू झाली, तेव्हा दोन अर्थशास्त्रज्ञांनी घरगुती बिलं तपासली, तर वापर सुमारे एक टक्का वाढलेलाच दिसला. प्रकाश साठवता येत नाही. तो फक्त एकाकडून घेऊन दुसऱ्याला देता येतो.

आणि घेतला कुणाकडून? डेट्रॉइट शहर आपल्या कालपट्ट्याच्या पश्चिमेकडच्या बाजूला आहे. तिथे ३१ ऑक्टोबरला सूर्य उगवतो तोच आठ वाजून गेल्यावर. त्याआधीच पिवळ्या बस निघालेल्या असतात. नाक्यावर दप्तर पाठीला लावून काळोखात उभं राहिलेलं मूल आणि त्याच संध्याकाळी पिशवी पसरून कँडी मागणारं मूल एकच आहे. हॅलोविनच्या संध्याकाळी त्याच्या सुरक्षिततेसाठी जो तास दिला, तो त्याच्याच सकाळीतून घेतला. वर्षातल्या एका संध्याकाळचा हिशेब सगळ्यांना दिसतो, कारण त्या दिवशी त्याच्या अंगावर सांगाड्याचा पोशाख असतो. शाळेच्या पाच सकाळी कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

एकदा त्या भरल्या होत्या. तेलटंचाईच्या काळात निक्सन यांच्या सरकारने ६ जानेवारी १९७४ पासून बारमाही उन्हाळी वेळ लावली. डिसेंबरात बहुसंख्य लोक तिच्या बाजूने होते. मग जानेवारीच्या गडद सकाळी मुलं विजेऱ्या घेऊन शाळेत निघाली, फ्लोरिडात काही मुलं गाड्यांखाली सापडली, आणि काही आठवड्यांत लोकमत फिरलं. त्याच वर्षी काँग्रेसने माघार घेतली आणि २७ ऑक्टोबरला घड्याळं मागे आली, हॅलोविनच्या चार दिवस आधी. इतकं होऊनही २०२२च्या मार्चमध्ये सिनेटने बारमाही उन्हाळी वेळेचं विधेयक एकाही विरोधाशिवाय संमत केलं. प्रतिनिधिगृहात ते पुढे सरकलं नाही. स्मरणशक्तीच्या बाबतीत कायदेमंडळं मुलांपेक्षा फार वेगळी नसतात.

वेळ वरून ठरवली की खाली कुणीतरी कुरकुरतं, हे मुंबईने फार आधी अनुभवलं आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. गिरणी कामगारांच्या दृष्टीने याचा सरळ अर्थ जवळपास पाऊण तास लवकर उठणं असाच होता. मुंबई महापालिकेने स्वतःची वेळ त्यानंतरही कित्येक दशकं धरून ठेवली. त्या हट्टात इंग्रजांवरचा राग होता, तसं एक साधं शहाणपणही होतं: ज्याला पहाटे उठायचं आहे, त्याला विचारल्याशिवाय पहाट हलवू नये.

हॅलोविनच्या प्रश्नावर शहाणा उपाय घड्याळाच्या बाहेरच सापडतो. डे मॉइन शहराने कित्येक दशकं मुलांचं दारोदार फिरणं ३० ऑक्टोबरला, संध्याकाळी सहा ते आठ असं बांधून दिलं होतं. तिथे कँडीच्या बदल्यात मुलांनी एक विनोद सांगायचा असतो. न्यूयॉर्क शहराने २०२२ पासून हॅलोविनला ठिकठिकाणचे रस्ते गाड्यांना बंद करायला सुरुवात केली. यात सूर्याला हात लावावा लागत नाही, नाक्यावरच्या मुलाची सकाळ गहाण पडत नाही, आणि भोपळ्याचे डोळे पेटायला हवा तेवढा काळोखही शिल्लक राहतो. मुलाला धोका काळोखाचा नव्हता, गाडीचा होता. दोन तास गाडी थांबवायची म्हटली तर मोठ्यांना स्वतःच्या वेळेतून काही द्यावं लागतं. अख्ख्या देशाचं घड्याळ फिरवणं त्यापेक्षा सोपं वाटलं, याचं कारण तिथे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडता येतं.