न पाहिलेल्या खडकाचे वय

घारापुरीची शिल्पे ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत तो दख्खनचा बसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांचा लाव्हा. त्याच्या तळाशी याहून कितीतरी जुना पाया आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधन विवरात ३३८ मीटर बसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. रायगड किनाऱ्यावर मुरुड-जंजिऱ्याजवळच्या डाइकांनी, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या रसाच्या भिंतींनी, खोल कवचाचे तुकडे आयतेच वर आणून ठेवले आहेत. ग्रॅनाइटचा रस थिजताना लिथियम, टँटलम, कथील यांसारखे धातू नेहमीच्या खनिजांत सामावत नाहीत. ते शेवटच्या उरलेल्या रसात साठत जातात. बस्तरचे कथील अशाच पेग्मटाइटांत सापडते. पण हे थिजणे कोणी पाहिले? चार्वाकाचा आक्षेप नेमका हाच: प्रत्यक्ष नाही, तर प्रमाण कसले?

न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांचे उत्तर मला आजही पुरेसे वाटते. शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वर्तनाशीच शंकेचा विरोध आला की ती तिथे थांबते. किरणोत्सर्गाच्या ठरावीक वेगावर भरवसा ठेवून कोबाल्टचे उपचार घ्यायचे आणि त्याच नियमाने काढलेले खडकाचे वय मात्र नाकारायचे, हे जमत नाही. पूर्वी वेग निराळा असेल, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे, पण तिचीही तपासणी झालेली आहे. १९८७ साली दिसलेल्या अतिनवताऱ्याचा प्रकाश सुमारे १ लाख ६८ हजार वर्षे प्रवास करून आला होता, आणि तो मंदावत गेला तो ताऱ्यातल्या कोबाल्टच्या क्षयाच्या आजच्याच वेगाने. लाख वर्षांवरून कोटींवर उडी कशी मारायची, हा पुढचा प्रश्न. त्याला झिरकॉनचा कण उत्तर देतो. घडताना तो युरेनियम आत घेतो, शिसे जवळपास घेतच नाही. आणि युरेनियमची दोन समस्थानिके वेगवेगळ्या गतीने क्षय पावूनही चांगल्या कणात एकच वय सांगतात. वेग मनमानी बदलले असते तर हा मेळ बसलाच नसता.

मग समुद्र हटवून कोकण मिळवणाऱ्या परशुरामाचे काय? ती कथा खोटी ठरली म्हणणारे आणि भूशास्त्राने ती सिद्ध केली म्हणणारे, दोघेही तिला खडकाची जन्मपत्रिका समजतात. कथेचा पेच वेगळा आहे: सारी पृथ्वी कश्यपाला दान दिल्यावर दात्याने त्याच भूमीवर राहावे काय? झिरकॉनला त्यात बोलण्यासारखे काही नाही. अधिक घातक मला ती हौस वाटते, जी ब्रह्मदेवाचा ४३२ कोटी वर्षांचा दिवस आणि पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षांचे वय शेजारी मांडून टाळ्या घेते. पहिला आकडा युगगणनेतून आला, दुसरा उल्कांतल्या शिशाच्या मोजणीतून. उद्या दुसऱ्यात दुरुस्ती झाली तर पुराण कोणी दुरुस्त करणार नाही, आणि करूही नये. म्हणून ही जुळणी पुरावा म्हणून धरता येत नाही.