दोघे दोघे

शास्त्रभाग : मार्क ६:७-१३, उपदेशक ४:९-१२



बारा शिष्यांना पाठवताना प्रभूने काय काय नेऊ दिले नाही, हे मार्काने नोंदवून ठेवले आहे. भाकर नको, झोळी नको, कमरेला पैसा नको. काठी आणि वहाणा, एवढ्यावर निघायचे. मात्र एक गोष्ट त्याने प्रत्येकाला न मागता दिली, ती म्हणजे सोबती. भाकरीवाचून चालेल, पण सोबत्यावाचून चालणार नाही, असे का असावे? याचा विचार करताना आम्हांला थायलंडमधील थाम लुआंग ही गुहा आठवते.

म्यानमारच्या सरहद्दीजवळच्या या गुहेत २३ जून २०१८ रोजी फुटबॉल खेळणारी बारा मुले व त्यांचा प्रशिक्षक गेले, आणि पावसाच्या पाण्याने मागची वाट बंद झाली. बोरगावकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. दूधगंगा फुगली म्हणजे रोजची पायवाटदेखील अनोळखी होते. व्हर्न अन्सवर्थ या इंग्रज गृहस्थाने ती गुहा वर्षानुवर्षे धुंडाळली होती, आणि त्याची माहिती फार उपयोगी पडली. पण कोरडी वाट ठाऊक असणे निराळे, आणि तीतून नदी वाहू लागली म्हणजे निराळे.

त्या गढूळ ओढीतून रिक स्टँटन व जॉन व्होलॅन्थन हे दोघे ब्रिटिश पाणबुडे मागे दोरी सोडीत पुढे गेले. अशा पाण्यात सोबती दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. हाताला लागते ती दोघांची मिळून एक दोरी. २ जुलैच्या रात्री व्होलॅन्थनजवळची दोरी संपली. तेथे त्याने डोके वर काढले, तो प्रथम मुलांचा वास आला. तेराही जण जिवंत होते.

त्यांच्याशी इंग्रजीत बोलला तो अदुल नावाचा चौदा वर्षांचा मुलगा. आईबापांनी त्याला सरहद्दीपलीकडून आणून लहानपणीच म्यै साई येथील एका मंडळीत शिकण्यासाठी ठेवले होते. तोवर तो कोणत्याच देशाचा नागरिक नव्हता. दोनतीन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आम्हांला हा मुलगा जवळचा वाटतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी त्याच्याविषयी मुलांना जरूर सांगावे.

उपदेशक म्हणतो की एक पडला तर दुसरा त्याला उठवील. या गुहेत एकदा तसे झाले नाही. समन गुनान हा नौदलाचा माजी जवान हवेच्या टाक्या आत ठेवून परतत असताना ६ जुलैस त्याचीच हवा संपली. सोबत्याने शर्थ केली, पण त्याला उठवता आले नाही. तरी त्याला तेथे टाकून न येता सोबत्याने त्याला बाहेर आणले. ज्यांनी आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना केली आणि आजारी उठला नाही, त्यांना या सोबत्याचे मन कळेल. प्रभूने सोबती दिला, तो प्रत्येक वेळी यश यावे म्हणून दिला असे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही.

आमच्या लहान मंडळ्यांत रुसलेल्याच्या, आजाऱ्याच्या, येईनाशा झालेल्याच्या घरी पाळकाने एकट्याने जावे असाच प्रघात आहे. शब्बाथशाळेचे शिक्षकही बहुधा एकटेच. मग त्यांची बदली झाली की मुलांची घरे कोणाला ठाऊक नसतात. वाट होती, ती त्यांच्याबरोबर गेली. वडीलजनांनी पुढच्या भेटीला एखाद्या तरुणाला बरोबर नेले, तर त्याला बोलायला जमले नाही तरी घर तरी कळेल.

सापडलेल्या मुलांना स्टँटन व व्होलॅन्थन त्या रात्री बाहेर आणू शकले नाहीत. परत येऊ असे वचन देऊन ते निघाले, आणि ते वचन त्यांनी पाळले. मुलांना गुंगीचे औषध देण्यासाठी ऑस्ट्रेलियाहून डॉ. रिचर्ड हॅरिस आला, तोही क्रेग चॅलन या आपल्या जुन्या सोबत्यासह. पाणी उपसण्याच्या कामी सल्ला द्यायला किर्लोस्कर कंपनीचे पंपतज्ज्ञ गेले. या कंपनीचा आरंभ बेळगावातील सायकलीच्या दुकानातून झाला, हे आमच्या भागातल्या तरुणांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणि थाई नौदलाचे तिघे व सैन्यातील एक डॉक्टर अंथरलेल्या वाटेने आत जाऊन मुलांजवळच राहिले. १० जुलैस शेवटचा मुलगा व प्रशिक्षक निघाल्यावर ते चौघे बाहेर आले.