पवित्राचा विरुद्धार्थ

'पवित्र' या विशेषणाचा विरुद्धार्थ 'अपवित्र', एवढे उत्तर शालेय व्याकरणात पुरते. धर्मविचारात ते पुरत नाही. संस्कृत व्याकरणपरंपरेने नकारदर्शक 'अ'चे, म्हणजे 'नञ्'चे, सहा अर्थ सांगितले असून त्यांपैकी दोन येथे निर्णायक ठरतात. एक अभावाचा, जसे 'अपाप' म्हणजे ज्याच्या ठायी पाप नाही तो. दुसरा विरोधाचा, कारण 'अधर्म' या शब्दाने धर्माची उणीव सांगितली जात नाही, तर धर्माला मारक असे आणि स्वतःचे फळ देणारे काही सांगितले जाते. अपवित्रता यांपैकी कोणती, अभाव की विरोध, हा प्रश्न वरवर शब्दांचा दिसला तरी त्याच्या उत्तरावर कित्येक पिढ्यांचे जगणे अवलंबून होते.

धर्मशास्त्रातील अशौचाचा, म्हणजे जन्म-मृत्यूमुळे कुटुंबाला येणाऱ्या सोयर-सुतकाचा, विचार केला तर अपवित्रता ही तात्पुरती अवस्था मानलेली दिसते: ठरलेले दिवस भरले आणि स्नान झाले की ती संपते, आणि ज्याला काल शिवत नव्हते त्याच्याच हातचे पाणी आज चालते. अस्पृश्यतेला मात्र असे दिवसच नव्हते. जी गोष्ट इतरांच्या बाबतीत अवस्था होती, ती येथे माणसाचा जन्मसिद्ध स्वभाव मानली गेली, आणि हा बदल कोणत्याही युक्तिवादाने सिद्ध न करता रूढीने गृहीत धरला. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग त्यातून सुटला कोण, असा प्रश्न संत चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी चौदाव्या शतकात अभंगातून विचारला होता. त्याला शास्त्रीय उत्तर मिळाल्याचे दिसत नाही.

2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या पंचवटीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्याचे प्रमुख संघटक होते, आणि मंदिराचे दरवाजे बंद ठेवण्यात आले. याच नाशिकात काळाराम आहे तसा गोराराम आहे, आणि वर्णाच्या या विरोधाने रामाच्या देवत्वाला बाधा येते असे कोणी मानत नाही. शिवाय ज्या देवाला पतितपावन म्हणावे, म्हणजे पतितांना पावन करणारा मानावे, तो पतिताच्या स्पर्शाने बाटतो असे म्हणणे तर्काला टिकत नाही. अपवित्रता अभावरूप असेल, तर पावन करणाऱ्याच्या सान्निध्यात ती उरू नये; विरोधरूप असून ती देवापेक्षाही बलवान असेल, तर देवाचे पावनत्वच लटके ठरते. दरवाजे बंद करणाऱ्यांनी, नकळत का होईना, दुसरा पक्ष पत्करला होता, आणि श्रद्धेच्या दृष्टीने हा पक्ष नास्तिकाच्या नकारापेक्षाही अधिक घातक म्हणावा लागतो.

सत्याग्रह अधूनमधून चालू राहिला. 1934 मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात आंबेडकरांनी स्पष्ट केले की दलितांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा उभारलेला नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढल्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, नाशिक जिल्ह्यातील येवले येथे त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला. अपवित्रतेला जन्मस्वभाव मानणाऱ्या व्यवस्थेत शुद्धीचा कोणताही विधी उरत नसल्यामुळे, त्या विशेषणातून सुटण्याची वाट व्यवस्थेबाहेरूनच जात होती.