मनात आलेला विचार पाप ठरतो का?

शंका : आम्ही बपेऱ्याचे. थोडी धानाची शेती आहे. जवळपास आमच्या विश्वासाचं दुसरं घर नाही. औंदा धानाचे चुकारे उशिरा आले, सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. तेव्हापासून रात्री 'आपलं काही खरं नाही, देवानं आपल्याला टाकलं' असं मनात घोळतं. प्रार्थनेला बसलो की देवाबद्दलच वाईटसाईट शब्द मनात येतात. मग मी अर्धी रात्र क्षमा मागत बसतो. हे पाप आहे का? माझा विश्वास कच्चा आहे का? गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं आमचे काकाजी म्हणतात.

समाधान : पाप नाही. प्रभू येशूलाही अरण्यात सैतानाचे शब्द ऐकावे लागले होते. ते कानी पडले म्हणून तो दोषी ठरला नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक साधू विचारांच्या छळाविषयी बारकाईनं लिहून गेला. विचारांनी मनाला टोचावं की नाही हे आपल्या हाती नाही, त्यांनी मुक्काम ठोकावा की नाही हे मात्र आहे, असं त्याचं म्हणणं. तुम्हाला ते शब्द नकोसे वाटतात, यातच तुमचं मन कुणीकडे आहे ते दिसतं.

मला काळजी वाटते ती अर्ध्या रात्रीच्या क्षमायाचनेची. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत सांगितली आहे. त्यांच्या घरी मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेतली जाई. धुतल्यावर हाती किती उरत असेल? तुमच्या प्रार्थनेचं तेच होतं आहे. प्रत्येक विचार धुऊन काढायच्या नादात प्रार्थनाच विरघळून जाते. त्याच सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हळूहळू सोडलं आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. तेव्हा घाण शब्द मनात आला की क्षमा मागू नका. 'प्रभू, तुला ठाऊक आहे' एवढंच म्हणा आणि हातातलं काम पुढे चालू ठेवा. रोवणी चालू असेल तर हातातली पऱ्ह्यांची पेंढी रोवून संपवा. तो शब्द परत येईल. आला तर पुन्हा तेच करा.

विश्वास कच्चा का, याचं उत्तर १ राजे, अध्याय १९ मध्ये आहे. ते घरच्यांसोबत मोठ्यानं वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेलीच्या धमकीनं पळाला. चाकराला मागे ठेवून एकटाच अरण्यात गेला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवानं त्याला रागावलं नाही, उपदेशही केला नाही. त्याला झोपू दिलं. दूतानं उठवलं तेव्हा निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी होती. खाऊन तो पुन्हा झोपला, तर दूतानं पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाची वाणी त्यानंतर, होरेब डोंगरावर. तिथं एलीया म्हणाला, मीच एकटा उरलो. देवानं सांगितलं, इस्राएलात सात हजार आहेत. शिवाय त्याला काम दिलं आणि अलीशासारखा सोबती दिला. तुम्हाला वाटणारं एकटेपण त्यालाही वाटलं होतं, आणि त्याचा हिशेब चुकला होता.

म्हणून आधी जेवण आणि झोप नीट होऊ द्या. कर्जाचा हिशेब अंथरुणात करू नका. आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, बायकोला सोबत घेऊन कागदावर मांडा. रात्री आकडे आठवले तर 'त्या दिवशी बघू' म्हणा. उद्याची चिंता उद्यावर सोपवायला प्रभूनं सांगितलं, ते असं पाळता येतं. सकाळी मोबाइल हाती घ्यायच्या आधी एक स्तोत्र मोठ्यानं वाचा. तेरावं किंवा बेचाळिसावं घ्या. त्यांत भक्त देवाकडे तक्रार करतो आणि तीही शास्त्रात ठेवलेली आहे. मन खचलेलं असताना आधी ठरवलेलं बदलू नये, असं सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलानं शिकवलं. जमीन विकायची, गाव सोडायचं, असले निर्णय रात्री घेऊ नका. मन लागो न लागो, रविवारची उपासना चुकवू नका. पाळकांना सगळं सांगा, आणि गावातल्या एका जवळच्या माणसालाही सांगा, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

आता गोळ्यांचं. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, विश्वास वाढव असं नाही. नको ते शब्द पुन्हा पुन्हा मनात येणं आणि ते पुसायला तासन्‌तास प्रार्थना करणं, हे डॉक्टरांना चांगलं ओळखीचं दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, पैसे न लागता, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करायचा विचार आला तर त्याच घटकेला घरात सांगा आणि या क्रमांकावर फोन लावा. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. ते आजच दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

काकाजींशी वाद घालू नका. दवाखान्यात जायच्या दिवशी त्यांनाच सोबत चला म्हणा.