पोरांच्या पुस्तकातली आशा कुणाच्या कामाची?



‘अफूची गोळी’ म्हणायला अक्कल लागत नाही. वस्तीतल्या एखाद्या ख्रिस्ती घरात पोरांसाठी रंगीत चित्रांचं बायबल आलं, की आपला कार्यकर्ता नाक मुरडतो, गोळी म्हणून मोकळा होतो आणि पुढच्या मीटिंगला निघून जातो. त्या घरात बापाचं काम सुटलेलं असतं. आई दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली असते. थोरली पोरगी धाकट्यांना वाचून दाखवते. मेंढरं राखणारा दावीद गोफणीच्या एका गोट्यानं धिप्पाड गल्याथला लोळवतो. दानिएल सिंहांच्या गुहेतून जिता बाहेर येतो. एका पोराच्या पाच जवाच्या भाकरी न् दोन मासे हजारोंच्या पोटाला पुरतात. ऐकता ऐकता पोरं हसतात. आई उशाला टेकून बसते. ही आशा खरी की खोटी? आणि खोटी असली तर ती हिसकावून घ्यायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

आधी एक कबूल करू. पुस्तक घरात येणं ही आपल्या लोकांना साधी गोष्ट कधीच नव्हती. वेद ऐकला तर कानात शिसं ओतायची भाषा ज्यांच्यासाठी धर्मशास्त्रात होती, ते आपण. मुक्ता साळवे आठवा. मांगाची पोर, फुल्यांच्या शाळेतली, वय वर्षं १४. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिनं १८५५ साली निबंधात टाकला. तो निबंध छापला कुणी? अमेरिकन मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’नं. त्यांना माणसं बाटवायची होती, हे खरं. पण पोरांच्या हाती पुस्तक दिलं, हेही खरं. ज्यांनी काहीच दिलं नाही, त्यांनी त्यांच्या हेतूवर बोलू नये.

तर प्रश्न पुस्तक असण्या-नसण्याचा नाही. पुस्तकात काय ठेवलं आणि काय गाळलं, हा आहे. पोरांचं बायबल म्हणजे निवडलेलं बायबल. सगळं छापता येत नाही, म्हणून कुणीतरी निवड करतो. निवडणारा कोण आणि कुणासाठी निवडतो, तिथं खरी मेख आहे.

१८०७ साली लंडनमध्ये असंच एक निवडक बायबल छापलं गेलं. वेस्ट इंडीज बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या गुलामांसाठी. जुन्या कराराचा बहुतेक भाग त्यातून उडवला होता. योसेफ ठेवला, भावांनी विकलेला, तरी परक्या मुलखात इमानानं चाकरी करून वर चढणारा. दासांनी धन्याचं ऐकावं, हा पौलाचा उपदेश ठेवला. मात्र मोशे फारोपुढं उभा राहतो आणि आपल्या गुलाम लोकांना मिसर देशातून बाहेर काढतो, ती अख्खी कथा गाळली. का गाळली? मालकांना कळत होतं. आशेचे दोन प्रकार असतात, हे त्यांना आपल्याआधी कळलं होतं. एक आशा माणसाला जागेवर बसवते. दुसरी चालायला लावते.

आणि गाळून काय झालं? पलीकडं अमेरिकेत गुलामांना वाचायला शिकवणं हा कित्येक राज्यांत गुन्हा होता. तरी मोशेची कथा कानोकानी गेली, गाण्यांत गेली. हॅरिएट टबमन ही गुलाम बाई १८४९ साली पळाली. पळाली आणि परत परत मागं आली. सुमारे ७० माणसं सोडवून घेऊन गेली. लोक तिला मोशे म्हणायचे. ज्या कथेला मालक भीत होते, ती कथा एका बाईच्या पायात उतरली. ज्या काळ्या माणसांच्या लढ्यावरून १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव उचललं, त्या लढ्यात ही कथाही आहे, हे विसरू नका.

मग पारख कशी करायची? बाबासाहेबांनी करून ठेवलीय. धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांवरचं त्यांचं लेखन हयातीत छापलं गेलं नाही. सरकारी खंडांच्या पाचव्या भागात १९८९ साली आलं. त्यात ते म्हणतात ते असं: हिंदू असताना याला सांगितलं, तुझी ही गत तुझ्या कर्मानं झाली. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं, आदामाच्या पापानं झाली. दोन्हीकडं व्यवस्था सुटली. मग हा परिस्थितीशी झुंजणार कशाला?

बस्स, हीच कसोटी. देव आहे की नाही, हा वाद पोरासमोर घालू नका. एवढंच विचारा: आपल्या घरातल्या उपासमारीचा दोष ही गोष्ट कुणाच्या माथी मारते? पोराच्या माथी मारत असेल, तर तो मनूच. फक्त कोट घालून आलाय. फारोकडं बोट दाखवत असेल, तर ती गोष्ट आपल्या कामाची.

पण हीच कसोटी आपल्या पुस्तकांना लावायची हिंमत आहे का? दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर पोरांसाठी पुस्तिकांचे ढीग लागतात. उघडून बघा. सिद्धार्थानं म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिलं आणि घर सोडलं. अजून तेच! १९५७ साली आलेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी ही कथा बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला सारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत तंटा झाला, सिद्धार्थानं युद्धाला विरोध केला, त्यापायी घर सोडलं, असं मांडलं. नुसतं दुःखच सांगणारा धम्म माणसाची आशा हिरावून घेतो, ही काळजीही त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. पाण्याचा तंटा आपल्या पोराला समजावून सांगावा लागतो का? तरी तो गाळला जातो. चवदार तळ्याच्या चित्रात बाबासाहेब एकटेच ओंजळ भरताना दिसतात. १९२७ साली मागून चालत आलेली हजारो माणसं चित्राबाहेर राहतात. मग पोरगं हात जोडतं. पाय उचलत नाही.

आता कुणी म्हणेल, सगळंच दुःख व्यवस्थेनं दिलेलं नसतं. लेकरू तापानं गेलं, तर आई कुठल्या फारोवर मोर्चा नेणार? बरोबर आहे. तिथं किसा गोतमी आठवा. मेलेलं पोर घेऊन आली, तेव्हा बुद्धानं चमत्कार केला नाही. मरण न पाहिलेल्या घरातून मोहरी आण म्हणाला. ती दारोदार फिरली. मोहरी मिळाली नाही, पण दुःखातली माणसं भेटली. खोटं न बोलताही धीर देता येतो, तो असा. माणसांत नेऊन.

म्हणून सांगतो, त्या ख्रिस्ती घरात जा. पुस्तक हिसकावू नका. बापासोबत रेशन ऑफिसात जा, आईला दवाखान्यात न्या. कोरडी पुस्तकी आशा त्यांचीही पुरत नाही, आपलीही पुरणार नाही. आणि पोरीशेजारी बसून विचारा: मोशेची गोष्ट आहे का गं यात? असेल तर मोठ्यानं वाचायला लावा. नसेल तर तुम्ही सांगा. मग रोहिणीच्या पाण्याची सांगा, मग महाडची. कुठली गोष्ट धरायची, ते ती पोरगीच ठरवील.

जय भीम.